सॉकेट नसलेल्या रानात: बाहेरच्या बॅटरीवर उपकरणं चालवायची रीत

सातपुड्यात धडगाव, मोलगी, तोरणमाळ किंवा यावल-चोपड्याच्या वरच्या अंगाला मोजणीला, पक्षीगणनेला, आरोग्य शिबिराला जाणाऱ्या मंडळींच्या सामानात बॅटऱ्यांची कमतरता नसते. तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणाचा टॅब्लेट बंद पडतो, कुणाचा रेकॉर्डर मुका होतो आणि ‘बॅटरी उतरी गयी भो’ म्हणून विषय संपतो. मीटर लावून पाहिलं तर बॅटरी बऱ्याचदा ठणठणीत असते. घोळ झालेला असतो बॅटरी आणि उपकरण यांच्या मधल्या दीड मीटरात: सैल पिन, बारीक वायर, चुकीचा कन्व्हर्टर (व्होल्ट बदलून देणारा बोर्ड), नाहीतर स्वतःहून झोपी जाणारी पॉवर बँक. म्हणून इथे बॅटरी निवडण्यावर थोडं आणि त्या दीड मीटरावर जास्त लिहिलंय.

आधी उपकरणाची पाठ वाचा

उपकरणावर किंवा त्याच्या ॲडॅप्टरवर दोन आकडे असतात, व्होल्ट आणि अँपिअर. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत. अँपिअर मात्र पुरवठ्याकडे जास्त असले तरी बिघडत नाही, उपकरण हवं तेवढंच ओढतं. ५ व्होल्ट १ अँपिअरचं यंत्र ३ अँपिअरच्या पुरवठ्यावर सुखाने चालतं. ५ व्होल्टचं यंत्र १२ व्होल्टवर लावलं तर धूर.

काही यंत्रांवर एकच आकडा न देता पट्टा दिलेला असतो. मोजणीच्या जीएनएसएस रिसीव्हरवर (उपग्रहांवरून अचूक जागा काढणारं यंत्र) ‘९ ते २८ व्होल्ट’ असं काही दिसलं तर निम्मं काम झालं, १२ व्होल्टची कुठलीही बॅटरी थेट जोडा. पण नुसतंच ‘१२ व्होल्ट’ लिहिलेलं राउटरसारखं यंत्र असेल तर जरा थांबा. ‘१२ व्होल्टची’ लिथियम बॅटरी भरताना १४.४ ते १४.६ व्होल्टपर्यंत जाते आणि रिकामी होताना १० च्या आसपास येते. बरीच यंत्रं हे सहन करतात, सगळी नाही. खात्री नसेल तर मध्ये बक-बूस्ट कन्व्हर्टर घाला. आत येणारे व्होल्ट वर गेले काय, खाली आले काय, तो बाहेर स्थिर १२ देतो.

गोल पिनच्या यंत्रावर एक लहानसं चित्र असतं: मधला ठिपका आणि त्याला वेढणारी कमान, एकाला अधिक, दुसऱ्याला उणे. फील्डच्या बहुतेक यंत्रांत मधली पिन अधिक असते. बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हे. काही जुन्या कॅसिओ कीबोर्डची मधली पिन उणे असते, आणि गावच्या भजनी मंडळाच्या कीबोर्डला आपली केबल लावून देण्याची उदारता अंगाशी येते ती इथेच. चित्र पाहा, मग मीटरने केबलही तपासा. बाजारच्या तयार केबलच्या लाल-काळ्या रंगावर विसंबू नका.

गरज वॅट-अवरमध्ये काढा

पॉवर बँकेवर ‘२०,००० एमएएच’ (मिलिअँपिअर-अवर) लिहिलेलं असतं. तो आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा असतो, बाहेरच्या ५ व्होल्टचा नाही. २० अँपिअर-अवर गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॅट-अवर, आणि कन्व्हर्जनची गळती जाऊन हातात येतात ६० ते ६५. वेगवेगळ्या व्होल्टची यंत्रं एकत्र चालवायची असतील तर एमएएचची बेरीज निरर्थक आहे. सगळं वॅट-अवरमध्ये आणा: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, वॅट गुणिले तास म्हणजे वॅट-अवर.

मोजणीच्या एका टोळीचा दिवस धरू. जीएनएसएस रोव्हर (हातात घेऊन फिरायचा रिसीव्हर) ५ वॅट, ८ तास: ४० वॅट-अवर. उन्हात ब्राइटनेस चढवलेला टॅब्लेट सरासरी ६ वॅट, ८ तास: ४८. संध्याकाळी लॅपटॉप ३० वॅट, २ तास: ६०. बेरीज १४८. कन्व्हर्टर आणि वायरीत १५ टक्के जातात असं धरून ०.८५ ने भागा, १७४ झाले. लिथियम बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच वापरायची असं ठरवलं तर लागतात २१८. म्हणजे १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-अवरची एक बॅटरी (२५६ वॅट-अवर) एका दिवसाला पुरेल, थोडी शिल्लकही राहील.

बेस स्टेशनचा (एका जागी ठेवून रोव्हरला दुरुस्ती पाठवणारा रिसीव्हर) ३५ वॅटचा बाहेरचा रेडिओ असेल तर हे गणित कोलमडतं. प्रसारणाच्या वेळी तो शंभर वॅटच्या आसपास ओढतो, त्याला वेगळी बॅटरीच लागते. मोबाइलला रेंज आहे तिथे सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स जाळ्यावर (कायमची बेस स्टेशनं, दुरुस्ती इंटरनेटवरून) काम भागतं आणि रेडिओचं ओझं वाचतं. सातपुड्याच्या दऱ्यांत रेंज धरून चालू नका.

बॅटरी: एलएफपी घ्या, पुढे चला

एका दिवसापेक्षा मोठ्या कामाला माझं मत सरळ आहे: लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे दुकानात ज्याला एलएफपी म्हणतात ती, चार सेलची १२.८ व्होल्टची, आत बीएमएस (सेलना जपणारं, गरज पडली की बॅटरी बंद करणारं सर्किट) असलेली. लेड-ॲसिड स्वस्त आणि कुठेही मिळणारी, पण निम्म्याहून जास्त उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. वरच्याच गणिताला ७ अँपिअर-अवरच्या चार लेड-ॲसिड लागतील, म्हणजे नऊ-दहा किलो. एलएफपीचं काम अडीच किलोच्या आसपास होतं. घाट चढताना हा फरक खांद्याला कळतो.

एलएफपीची एक खोड माहीत हवी. लेड-ॲसिडचे व्होल्ट पाहून ती किती भरलीय ते कळतं: विश्रांतीत १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. एलएफपी मात्र बराच काळ १३.० ते १३.३ च्या मध्येच रेंगाळते आणि शेवटी एकदम कोसळते. तिच्यावर व्होल्टमीटर लावून अंदाज बांधण्यात अर्थ नाही. गेले-आले वॅट-अवर मोजणारा छोटा मीटर मध्ये जोडा. पूर्ण उतरल्यावर बीएमएस दार लावून घेतो आणि मल्टिमीटर शून्य दाखवतो. बॅटरी मेली असं समजून फेकू नका, एलएफपीला जागं करणारा चार्जर लावला की ती बहुधा परत येते.

पॉवर बँकेच्या खोडी

फोन आणि टॅब्लेटसाठी पॉवर बँकेला तोड नाही. फील्डच्या यंत्रांना मात्र ती तीन ठिकाणी दगा देते.

पहिलं म्हणजे, ती फोनसाठी बनलेली असते आणि फोन भरला की आपण बंद व्हायचं एवढं तिला शिकवलेलं असतं. प्रवाह ५०-१०० मिलिअँपिअरच्या खाली गेला की ती अर्ध्या-एक मिनिटात झोपते. आवाजाचा रेकॉर्डर, तापमान नोंदत राहणारा लॉगर, शेतातला ओलावा मोजणारा सेन्सर असली यंत्रं २०-३० मिलिअँपिअरवरच जगतात. रात्री लावून आलात तर सकाळच्या रेकॉर्डिंगमध्ये पहिलं मिनिट सापडेल. काही पॉवर बँकांत ‘लो करंट मोड’ असतो, बटण दोनदा किंवा लांब दाबून तो चालू करायचा. पण तोही काही मॉडेलांत दोन तासांनी आपोआप सुटतो. विकत घेण्याआधी हे विचारा, आणि दुकानदाराच्या ‘हो’वर न थांबता घरी रात्रभर यंत्र लावून पाहा.

दुसरी खोड टाइप-सीच्या पीडी (पॉवर डिलिव्हरी) बँकांची. यंत्र आणि बँक आपसात बोलून व्होल्ट ठरवतात: ५, ९, १५ किंवा २०. या यादीत १२ सक्तीचा नाही. बऱ्याच बँका देतात, बऱ्याच देत नाहीत. १२ व्होल्टचा ट्रिगर बोर्ड (बँकेकडे ठरावीक व्होल्ट मागणारा छोटा बोर्ड) लावलात आणि बँकेत १२ नसेल तर तो गुपचूप ९ वर उतरतो. मग यंत्र सुरू होतं, दिवा लागतो आणि काम सुरू झालं की रीस्टार्ट. जोडणी झाली की बाहेर खरोखर किती व्होल्ट येतात ते मीटरवर बघा.

तिसरी सगळ्यात त्रासदायक. दोन-तीन पोर्टांच्या बँकेत एक यंत्र चालू असताना दुसरी केबल खुपसली की बँक सगळ्यांशी नव्याने बोलणी करते आणि तेवढ्यात पहिल्याची वीज क्षणभर जाते. आत स्वतःची बॅटरी असलेल्या टॅब्लेटला फरक पडत नाही. नसलेल्या लॉगरची फाइल तिथेच अर्धी राहते. एका बँकेवर असं एकच यंत्र ठेवा, शेजारच्याने फोन लावायला मागितला तरी.

कन्व्हर्टर: इथे वेळ द्या

१२ चे ५ करायला बाजारात सर्रास मिळतो तो एलएम २५९६ चा निळा बोर्ड. जळगावच्या गोलाणी मार्केटपासून ऑनलाइनपर्यंत सगळीकडे आहे. कागदावर तो ३ अँपिअरचा असला तरी हीटसिंकशिवाय २ च्या वर भरवसा ठेवू नका, आणि आपल्याकडच्या उन्हात दीडच धरा. जास्त हवं असेल तर एक्सएल ४०१५ चा बोर्ड घ्या.

बोर्ड लावायची रीत अशी. आधी फक्त बॅटरी जोडा, यंत्र नाही. आउटपुटवर मीटर धरून छोटा पितळी स्क्रू फिरवा. तो बरेच फेरे घेतो, सुरुवातीचे कितीतरी फेरे आकडा हलतही नाही, घाबरू नका. ५.१ वर आणा. आता यंत्राऐवजी भार म्हणून मोटारीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडा. ५ व्होल्टवर तो मंद लालसर पेटेल, एक अँपिअरच्या आसपास ओढेल. व्होल्ट ५ च्या खाली घसरत असतील किंवा चिपवर बोट ठेववत नसेल, तर बोर्ड नकली किंवा अशक्त आहे, दुसरा घ्या. टिकला तर स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका. जीपच्या हादऱ्यांनी तो स्क्रू फिरतो, आणि ५ चे ७ झालेले कुणाला कळतही नाही, यंत्र जाईपर्यंत.

आता महिनाभर जंगलात ठेवायच्या यंत्राचं बघू. रेकॉर्डर ५ व्होल्टवर सरासरी २० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे ०.१ वॅट. तीस दिवसांचे ७२० तास, म्हणजे ७२ वॅट-अवर. १० अँपिअर-अवरची एलएफपी (१२८ वॅट-अवर) सहज पुरेल असं वाटतं. पण एलएम २५९६ स्वतःच, काही न चालवता, ५ ते १० मिलिअँपिअर खातो. १२.८ व्होल्टवर ते ०.०६ ते ०.१३ वॅट होतात. म्हणजे कन्व्हर्टरची भूक रेकॉर्डरएवढीच! वर आकडे दाखवणारा डिस्प्ले असेल तर आणखी. बॅटरी महिना काढेल याचा भरवसा उरत नाही. अशा कामाला नो-लोड करंट (काही न चालवता खाल्ला जाणारा प्रवाह) मायक्रोअँपिअरमध्ये असलेला कन्व्हर्टर शोधा. त्याहून बरं म्हणजे कन्व्हर्टरच टाळा. जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणाऱ्या ट्रॅप कॅमेऱ्यांना बाहेरून ६ किंवा १२ व्होल्टची पिन असते. ६ व्होल्टच्या कॅमेऱ्याला इमर्जन्सी लाइटमध्ये असते तसली ६ व्होल्ट ४.५ अँपिअर-अवरची बॅटरी थेट चालते.

नो-लोड करंट मोजायला मल्टिमीटर प्रवाहाच्या खाचेत लावून अधिकच्या वायरीत, मालिकेत घाला. मोजून झालं की लाल लीड लगेच व्होल्टच्या खाचेत परत टाका. ती प्रवाहाच्या खाचेत राहून पुढच्या वेळी बॅटरीच्या दोन टोकांना टेकवली की शॉर्ट.

लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर नेऊ नका. १२ चे २३० करायचे आणि ॲडॅप्टरने पुन्हा २० वर आणायचे, यात दोनदा गळती होते, शिवाय इन्व्हर्टर मोकळा असतानाही खातो. टाइप-सी लॅपटॉप असेल तर १२-२४ व्होल्टवर चालणारा ६५ वॅटचा पीडी कार चार्जर पुरतो.

वायर, पिन, फ्यूज

अर्ध्या स्क्वेअर एमएमची पाच मीटर वायर घ्या. जाऊन-येऊन दहा मीटर तांबं, रोध साधारण ०.३९ ओहम. २ अँपिअर गेले की ०.७८ व्होल्ट वाटेतच संपले. १२ मधून एवढे गेले तर ११.२ उरतात, चालून जातं. ५ मधून गेले तर ४.२, आणि टॅब्लेट ‘चार्जिंग’ दाखवत दाखवत उतरत राहतो. म्हणून लांबचा पल्ला १२ व्होल्टवर न्या आणि कन्व्हर्टर यंत्राच्या अगदी जवळ ठेवा. बॅटरीपासून निघणारी मुख्य वायर दीड स्क्वेअर एमएमची, म्हणजे घरच्या फिटिंगला वापरतात त्या जाडीची, पण लवचिक बहुतारी घ्या. एकेरी तारेची हादऱ्याने तुटते.

गोल पिन दिसायला सारख्या, पण आतली भोकं दोन मापांची असतात, २.१ आणि २.५ मिमी. २.१ चा प्लग २.५ च्या पिनेवर जातच नाही, ते ठीक. उलटं मात्र होतं: २.५ चा प्लग २.१ च्या पिनेवर बसतो, दिवा लागतो, टेबलावर सगळं चालतं. रोव्हरचा दांडा हातात घेऊन कापसाच्या ओळीतून चालायला लागलात की कनेक्शन जातं-येतं. प्लग खोचून हळूच गोल फिरवा. सैल वाटला तर बदला, टेप गुंडाळून भागत नाही.

सिगारेट लायटरचं सॉकेटही असंच, घाटरस्त्यावर ते सुटतंच. मी सगळ्या बॅटऱ्यांना एकच जोड ठेवतो, एक्सटी ६०. उलटा बसत नाही, घट्ट बसतो. बॅटरीच्या बाजूला झाकलेल्या भोकांचा तुकडा लावायचा, उघड्या पिनांचा नाही, नाहीतर पिशवीतल्या किल्ल्यांना टेकून ठिणगी उडेल. त्यापुढे प्रत्येक यंत्राची आपापली केबल. मग कुठलीही बॅटरी कुठल्याही यंत्राला लागते.

फ्यूज अधिकच्या टोकापासून वीतभर अंतरात, त्याहून दूर नाही. फ्यूज वायरीला वाचवतो, यंत्राला नव्हे, म्हणून आकडा वायरीवरून ठरतो: दीड स्क्वेअर एमएमला १० अँपिअर, पाऊणला ५. गाडीतले पात्याचे फ्यूज कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतात. बीएमएस आहे म्हणून फ्यूज गाळणारे भेटतात, त्यांच्याशी वाद न घालता त्यांची बॅटरी आपल्या जीपमध्ये ठेवू नये.

ऊन

जळगाव-भुसावळचा मे ४५ अंशांना टेकतो आणि बंद जीपच्या आत ६० च्या वर जातं. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर भरू नये, असं बहुतेक बनवणारे सांगतात. वापरायला ६० पर्यंत चालते. म्हणजे एप्रिल-मेमध्ये दुपारी चार्जिंग नाहीच. रात्री किंवा पहाटे भरा. गरम पॉवर बँक भरायला नकार देते तेव्हा ती बिघडलेली नसते, सावलीत तासभर ठेवा. डबा काळा नको, पांढरा घ्या. कोरड्या हवेत डब्यावर वीतभर उंच ताणलेला ओला गोणपाट माठासारखं काम करतो, फक्त पाणी डब्यावर ठिबकता कामा नये.

भरायचं कुठे

आश्रमशाळा, ग्रामपंचायत किंवा ओळखीचं घर, हे पहिले पर्याय. शेतीच्या फीडरची थ्री-फेज आठवड्यात कधी दिवसा, कधी रात्री येते, म्हणून विहिरीवरच्या खोलीच्या भरवशावर राहाल तर आधी त्या आठवड्याची पाळी विचारा. टोकाच्या पाड्यांवर व्होल्टेज १६०-१७० पर्यंतही पडतं. ‘१०० ते २४०’ लिहिलेला चार्जर तिथे चालतो, जड ट्रान्सफॉर्मरवाला हात टेकतो.

गाडीवरून भरायचं तर डीसी-डीसी चार्जर मध्ये हवा. स्टार्टर मारताना व्होल्ट ९-१० वर येतात, इंजिन चालू असताना १४ च्या वर. ट्रॅक्टरच्या बॅटरीला नाजूक यंत्र थेट लावून कुणी सेल्फ मारला तर त्याचा दोष नाही, आपला.

सौर पॅनेल आपल्याकडे चांगलं चालतं. महानिर्मितीने साक्री तालुक्यात मोठा सौरप्रकल्प उगाच उभारला नाही. पण ४० वॅटच्या पॅनेलकडून ४० ची अपेक्षा धरू नका. सेल तापला की २५ अंशांच्या वरच्या दर अंशाला साधारण ०.४ टक्के घट होते. मे महिन्यात पाटी ६५ अंशांवर असते, म्हणजे सोळा टक्के तिथेच गेले. दिवसाला पाच तासांचं पूर्ण ऊन आणि सत्तर टक्के हाती, असं धरून १४० वॅट-अवर मिळतील. पावसाळ्यात निम्मेही नाहीत. एका पानाची सावली पडली तरी उत्पादन कोसळतं, सेल एका माळेत असतात. सागाच्या जंगलात फेब्रुवारी ते मे पानगळीमुळे ऊन जमिनीपर्यंत येतं. जूननंतर तिथे पॅनेल नेणं म्हणजे नुसती हमाली.

पॅनेल आणि बॅटरीच्या मधल्या चार्ज कंट्रोलरला बॅटरी आधी जोडायची, पॅनेल नंतर, आणि काढताना उलट क्रम. कंट्रोलरवर एलएफपीची सेटिंग निवडायला विसरू नका.

महिनाभर रानात ठेवायचा डबा

१८८४ नंतर कुणालाच न दिसलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. आज तो तोरणमाळ, यावलच्या रानात आहे आणि त्याचा आवाज टिपायला रेकॉर्डर लावले जातात. अभयारण्यात आणि राखीव जंगलात वनविभागाची लेखी परवानगी आधी, डबा नंतर.

वायर डब्यात खालून घ्या आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या टोकावरून गळतं, आत जात नाही. भोकाला रबरी ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारं बूच) लावा. आत सिलिका जेलच्या पुड्या. लेड-ॲसिड असेल तर डबा हवाबंद करू नका, वायू साचतो. मुंग्यांना गरम, कोरडा डबा फार आवडतो: ग्लँडच्या भोवती फट राहिली तर पंधरवड्यात आत अंडी घातलेली दिसतील आणि पिनांवर मातीचा थर. झाडाला बांधलेल्या पट्ट्यावर ग्रीसची बोटभर रेघ ओढली तर चढणं कमी होतं. वायर उघडी लोंबू देऊ नका, वानरं ओढतात, उंदीर कुरतडतात. लवचिक पाइपात घालून खोडाला घट्ट बांधा.

निघण्याआधी

घरी एक रात्र सगळं जोडून, खऱ्या बॅटरीवर, खऱ्या केबलने चालवा. जुनी किंवा नवी आणलेली बॅटरी असेल तर क्षमता तपासा: भरलेल्या २० अँपिअर-अवरच्या एलएफपीवर तोच २१ वॅटचा बल्ब फरशीवर ठेवून पेटवा. दहा-अकरा तास जळला तर लेबल खरं बोलतंय. सहा तासांत विझला तर पावती शोधा.

सुट्या वस्तूंत बॅटरीपेक्षा हे घ्या: एक सेट करून ठेवलेला कन्व्हर्टर, प्रत्येक मापाची एक गोल पिन, दोन एक्सटी ६०, पाच-सहा फ्यूज, मल्टिमीटर आणि त्याच्या आतली ९ व्होल्टची बॅटरी. ही शेवटची धडगावला मिळेल, मोलगीच्या बाजारादिवशी कदाचित मिळेल, त्यापुढे नाही.